बाकीचं आल्यावर

(हॉस्पिटलमधली दोन खाटांची खोली, सकाळ. खिडकीकडच्या खाटेवर गळ्याभोवती टॉवेल बांधून आजोबा बसलेत. मागे त्यांची लेक, हातात वस्तरा. दारात वॉर्डची सिस्टर.)

सिस्टर: हे काय, ताई? एवढाच झुपका का ठेवलाय?

लेक: ठेवला नाही. राहिलाय.

सिस्टर: राहिलाय तर काढा की मग.

लेक: मला काढता येतो, सिस्टर. ह्यांना काढू देता येत नाही.

आजोबा: डाव्या कानामागं. बोटभर. तेवढं राहू दे.

सिस्टर: आजोबा, डोकं पूर्ण साफ हवं. डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. आणि तुमची रक्ताची गाठ नेमकी डावीकडेच आहे.

आजोबा: गाठ आत आहे. केस बाहेर आहेत.

सिस्टर: बाहेरूनच आत जातात ना डॉक्टर!

आजोबा: मग जरा वरून जा म्हणावं. जागा बरीच आहे. आत्ताच मोकळी करून दिली पोरीनं.

लेक: तासाभरापासून हे असंच चाललंय. मी हात टेकले.

सिस्टर: अहो, आमच्या वॉर्डचा न्हावी पाठवला होता सकाळी, त्यालाही हाकलून दिलं ह्यांनी. म्हणून तर तुम्हाला दुकान बंद करून बोलावलं.

आजोबा: हाकललं नाही. वस्तरा कसा धरायचा ते शिकवलं.

सिस्टर: तो रडत होता बाहेर.

आजोबा: मीही रडलो होतो शिकताना. चांगली खूण आहे.

सिस्टर: ताई, तुम्ही तरी समजवा. बाथरूममध्ये पडले, आत रक्त साचलंय, त्याचा मेंदूवर दाब येतोय. आज नाही काढलं तर उद्या हात जाईल, परवा बोलणं जाईल.

लेक: बोलणं? मग परवापर्यंत थांबू या का?

आजोबा: ऐकतोय मी.

लेक: ऐकायलाच बोलले, अण्णा.

सिस्टर: तुम्हाला चेष्टा सुचतेय! थिएटरमधून फोन येईल आत्ता. डोकं तयार नसेल तर डॉक्टर पुढचा पेशंट घेतील. मग यांचा नंबर उद्यावर. आणि वर माझ्या नावानं ठणाणा करतील ते वेगळंच.

लेक: चेष्टा नाही, सिस्टर. आमच्या घरी भीती वाटली की असंच बोलतात. आई असती तर तिनं गाणं म्हटलं असतं.

सिस्टर: पण आहे तरी काय एवढं त्या झुपक्यात?

लेक: लढाईतलं आहे.

सिस्टर: अगोबाई! आजोबा लढाईत होते?

लेक: होते.

सिस्टर: सैनिक?

लेक: न्हावी.

सिस्टर: नाही, म्हणजे लढाईत काय होते?

लेक: लढाईतच न्हावी. सैन्यात माणसांना केस असतात, सिस्टर. ते वाढतात. शत्रू समोर आहे म्हणून थांबत नाहीत.

आजोबा: उलट जास्त वाढतात.

सिस्टर: बंदूक नव्हती दिली?

लेक: दिली होती. ती ते पेटीखाली ठेवायचे. जमीन ओली होती ना, पेटीला ओल लागली असती. आत वस्तरे होते.

आजोबा: सरकारी बंदूक. गंजली तर सरकारची गंजली.

सिस्टर: आणि झुपका?

लेक: सांगते. तुम्ही बसा ना पलीकडच्या खाटेवर. एक पोरगा होता त्यांच्या तुकडीत. अण्णा त्याचे केस कापायला बसले, निम्मं डोकं झालं आणि शिट्टी वाजली. सगळे पुढच्या चौकीकडे पळाले. तोही पळाला. डोक्याची एक बाजू झालेली, दुसऱ्या बाजूला जंगल. अण्णा मागून ओरडले, "बाकीचं आल्यावर!"

सिस्टर: आणि तो आला?

लेक: आला. त्याच्या आजूबाजूचे बरेच आले नाहीत. तो आला तो तडक अण्णांसमोर येऊन डबड्यावर बसला. म्हणाला, "उस्ताद, सगळा वेळ मला एकच काळजी. मी या अवतारात मेलो तर घरचे रडतील की हसतील?"

आजोबा: "आई हसली असती," म्हणाला.

लेक: बस. ते तुकडीभर झालं. दुसऱ्या दिवसापासून जो येईल तो म्हणायला लागला, "उस्ताद, माझंही थोडं ठेवा." निम्मं डोकं ठेवलं तर अधिकारी फाडून खाणार. म्हणून मग कानामागे एक झुपका. टोपीखाली झाकला जातो. अण्णा बाकीचे केस कापायचे, मानेवर चापट मारायचे आणि म्हणायचे, "बाकीचं आल्यावर." की तो उठून जायचा.

सिस्टर: आणि सगळे यायचे परत?

लेक: छे हो. कुठले! झुपक्यासकट किती गेले.

सिस्टर: मग उपयोग काय त्याचा?

लेक: हेच मी लहानपणी विचारलं होतं. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

आजोबा: एक दिवस.

लेक: तुम्ही एक दिवस बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी मी बोलले नाही.

सिस्टर: पण मग लढाई संपल्यावर संपलं असेल ना हे?

लेक: लढाई संपली. झुपका कुठला संपतोय! अण्णांनी बाजारात दुकान टाकलं. दाढी झकास, केस झकास, हात असा हलका की माणूस खुर्चीत घोरायला लागायचा. आणि उठताना बघावं तर डाव्या कानामागे झुपका. शिक्षक असो, कारकून असो, दूधवाला असो. "अहो, हे राहिलं." "बाकीचं आल्यावर." गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारपणी नजर गेली. तेव्हा अण्णा तिशीतही नव्हते.

सिस्टर: चाललं कसं मग दुकान?

लेक: आमचं बरं चाललं. समोरच्याचं जास्त चाललं. त्यानं दारावर पाटीच लावली, "राहिलेलं इथे पूर्ण करून मिळेल."

सिस्टर: काहीतरीच!

आजोबा: हात जड होता त्याचा. पण माणूस हुशार.

लेक: मी शाळेत जायचे तर वर्गातल्या निम्म्या पोरांच्या कानामागे आमच्या दुकानाची जाहिरात. "ए झुपके, ए झुपके" करून डोक्यावर मिऱ्या वाटायचे माझ्या. एवढंच काय, माझ्या लग्नात नवऱ्याचे केस अण्णांनी कापले. लग्नाच्या एकूण एक फोटोत तो डावा कान लपवायला मान वाकडी करून उभा आहे. सासूबाईंना वाटलं, मानेत दोष आहे आणि आम्ही बघितला नाही. स्वतःचाच मुलगा, पण तरी वाटलं.

सिस्टर: आणि ते... म्हणजे तुमचे मिस्टर...

लेक: आहेत की. रोज परत येतात. नको तेव्हासुद्धा येतात.

आजोबा: बघ. उपयोग काय म्हणे!

सिस्टर: आजोबा, ते आता लढाईतले दिवस गेले. हे हॉस्पिटल आहे. इथे...

आजोबा: इथेही आत नेतात आणि दार लावून घेतात. बाहेरच्याला काही सांगत नाहीत. फरक सांग.

सिस्टर: इथे औषध देतात.

आजोबा: तिथेही देत होते. नंतर.

लेक: सिस्टर, तुम्ही ह्यांच्याशी वाद घालू नका. आईनं जन्मभर घातला. खरं कारण निराळंच आहे. ते मला ह्यांनी कधी सांगितलं नाही. ह्यांचे एक लढाईतले सोबती होते, दर महिन्याला लांबून यायचे, एवढासा झुपका कापून घ्यायला आणि नवा ठेवून घ्यायला. त्यांनी सांगितलं. अण्णा तेव्हा गरम पाणी आणायला मागे गेले होते.

आजोबा: मला माहितीय त्यानं सांगितलं ते. पाणी आधीच गरम होतं.

लेक: मग सांगू?

आजोबा: तुझं तोंड आहे.

लेक: तुकडीत एक स्वयंपाकी होता. त्याला सगळे मामा म्हणायचे. जाडा, गमत्या...

आजोबा: जाडा नव्हता. स्वयंपाक्याला सगळे उगाच जाडा करतात. किडकिडीत होता.

लेक: बरं, किडकिडीत. तो कधी पुढे गेला नाही. चुलीपाशीच. पण झुपका मात्र त्याचाही असायचा. म्हणायचा, "माझं जेवण खाऊन चिडलेला कोणी मारील, उस्ताद. ठेवा आपला." त्याला घरी मुलगी झाली. बघितली नव्हती त्यानं. लढाई थोडी थंडावली तशी त्याला सुट्टी मिळाली. ट्रक निघणार होता, तर तो केस कापायला येऊन बसला. म्हणाला, "उस्ताद, आज पुरं कर. बायको म्हणेल, हे काय ध्यान आलंय. मी कुठं लढाईला चाललोय? मी घरीच चाललोय."

सिस्टर: मग?

लेक: मग काय. अण्णांनाही पटलं. जो घरी चाललाय त्याला कशाला झुपका? पांढरा साबण लावून चकचकीत...

आजोबा: पिवळा.

लेक: काय?

आजोबा: साबण. पिवळा होता. पांढरा अधिकाऱ्यांसाठी असायचा.

लेक: पिवळा. तर पुरं केलं. कानामागचंसुद्धा. ट्रक निघाला आणि वळणावर...

आजोबा: वळणाच्या अलीकडे.

लेक: गोळा पडला. आवाज छावणीपर्यंत आला. बस, एवढंच. त्यानंतर ह्यांनी कोणाचे केस पुरे केले नाहीत. कोणाचेच. मी म्हटलं, अण्णा, झुपकेवालेही किती गेले. तर म्हणाले, "ते लढाईनं नेले. हा माझ्या हातून पुरा झाला."

आजोबा: आरसा दाखवला मी त्याला.

लेक: हे नव्हतं मला माहीत.

आजोबा: तुला सांगणाऱ्यालाही नव्हतं माहीत. तो दुरून बघत होता. मी कोणालाच आरसा दाखवायचो नाही तिथे. झुपका राहिलाय, काम पुरं नाही, मग आरसा कशाला? मामानं मागितलाही नव्हता. मीच म्हटलं, बघ रे, नवरदेव झालायस. बराच वेळ बघत बसला. ट्रकवाला हाका मारत होता. मी नसता दाखवला तर ट्रक आधी निघाला असता.

लेक: अण्णा...

आजोबा: थोडाच आधी. पण निघाला असता.

सिस्टर: आजोबा, पाणी... नाही, पाणी नाही देता येणार तुम्हाला. ऑपरेशन आहे.

आजोबा: नकोय पाणी. पोरी, सिस्टरला बोलणी बसतील ना माझ्यामुळे?

सिस्टर: माझं सोडा हो. सवय आहे मला.

आजोबा: चांगली मुलगी आहे. सगळं ऐकून घेतलं बसून. नाहीतर तुझं बोलणं कोण ऐकतंय एवढं. कर पुरं.

लेक: काय?

आजोबा: झुपका. काढून टाक. उगाच सगळ्यांना वेठीला धरायचं. वय बघ माझं. मी आता कुठं लढाईला चाललोय? मी घरीच चाललोय.

सिस्टर: शाब्बास, आजोबा! देव पावला. ताई, करा पटकन... ताई? अहो, वस्तरा का पुसताय?

लेक: ठेवतेय.

सिस्टर: का?

लेक: मी नाही करणार.

सिस्टर: अहो, आता कुठे ते तयार झाले!

लेक: म्हणूनच.

सिस्टर: हे बघा, बापानं सोडलं तर लेकीनं धरलं. तुमच्या घरात कोणी धड आहे की नाही?

लेक: माझा नवरा. त्याला बोलावू? सिस्टर, तुम्ही ऐकलंत ना ते काय म्हणाले? शब्द न् शब्द मामाचा आहे.

आजोबा: अगं, मी आपलं सहज म्हणालो.

लेक: तोही सहजच म्हणाला होता.

सिस्टर: पण तुमचा ह्यावर विश्वास नाही ना! आत्ताच तर हसत होता सगळ्याला.

लेक: नाहीच आहे विश्वास. दुकान माझ्या हाती आलं त्या दिवसापासून मी एक झुपका ठेवला नाही. अण्णा बाकावर बसून बघायचे. मी शेवटचा हात फिरवला की मान खाली घालायचे. मी म्हणायचे, अण्णा, हा पोस्टात नोकरीला आहे, हा कुठे जाणार मरायला? आणि आरसा दाखवायचे, पुढून, मागून. मुद्दाम. मला दाखवायचं होतं की बघा, काही होत नाही. आणि नाहीच झालं काही. सगळे आले पुढच्या महिन्यात.

आजोबा: सगळे आले. मी मोजायचो.

लेक: ते पोस्टातले होते, अण्णा. हे तुम्ही आहात. मला भीती वाटतेय, सिस्टर. खरंच वाटतेय. ह्या हातानं मी तान्ह्या बाळाचं जावळ काढलंय, आणि आता बोटभर केसांना वस्तरा लावता येत नाही.

आजोबा: बाप म्हातारा झाला आणि लेक न्हावीण झाली. आत्ता कुठे.

सिस्टर: फोन वाजतोय. थांबा. ... हो, सर. हो. तयारच आहेत. ... नाही, थोडंसंच राहिलंय. ... हो, पाठवा ट्रॉली. ... ताई, ट्रॉली निघाली. आता काय करायचं ते दोघांनी ठरवा. डोक्यावर एक केस चालणार नाही, हे लिहून घ्या. तोंडावरचं मला काही...

लेक: तोंडावरचं काय?

सिस्टर: काही नाही. दाढीमिशी डॉक्टर बघत नाहीत. भूल देणाऱ्या बाई तेवढ्या कटकट करतात. घशात नळी घालतात ना, तिची चिकटपट्टी ओठावर लावतात, ती मिशीवर धरत नाही.

लेक: कुठल्या बाजूला लावतात?

सिस्टर: उजव्या. का?

लेक: अण्णा, इकडे तोंड करा.

आजोबा: कशाला?

लेक: करा म्हणते ना.

आजोबा: पोरी. मिशीला हात लावायचा नाही.

लेक: अर्धीच.

आजोबा: अर्धी! लढाईत राखलेली मिशी आहे ही. तुझ्या आईनं ही बघून होकार दिला होता.

लेक: आई म्हणायची, मिशी असूनही दिला.

आजोबा: अगं, अर्धी मिशी घेऊन माणूस चारचौघांत जाईल कसा? पूर्ण काढ त्यापेक्षा. पूर्ण काढलेली परवडली.

लेक: पूर्ण नाही. अर्धी. सिस्टर, चालेल ना?

सिस्टर: मला कशाला विचारता? कोणी हटकलं तर सांगीन, नळीसाठी उजवी बाजू काढली. खोटं थोडंच आहे! डावीचं कोणी सांगितलं नव्हतं.

आजोबा: दोघी मिळून केसानं गळा कापताय माझा.

लेक: हलू नका. नाहीतर खरंच कापेल. सिस्टर, ती वाटी द्या. साबणाची. हो, तीच.

आजोबा: आधी झुपका काढ. हात बसेल.

लेक: नाही. आधी मिशी, मग झुपका. मध्ये एक क्षणसुद्धा तुम्ही पुरे व्हायचे नाहीत.

आजोबा: हे मी शिकवलं नव्हतं.

लेक: नाक वर. आता बोलू नका.

सिस्टर: अगं बाई. अगं बाई गं. गेली हो.

लेक: झाली. आता मान खाली, अण्णा. कान धरते.

आजोबा: हात हलका आहे तुझा.

लेक: बोलू नका म्हटलं ना. हं. हा झुपका. ... झाला. पुसून घेते. सिस्टर, या, बघा, डोक्यावर एक केस दाखवा.

सिस्टर: नाही हो. तुळतुळीत केलंय. पण तोंडाकडे बघवत नाही.

आजोबा: तू हसतेयस.

सिस्टर: मी नाही हसत, आजोबा. मला शिंक येतेय.

आजोबा: एवढा वेळ?

सिस्टर: ट्रॉली आली. या, आत घ्या. सावकाश. डोकं सांभाळा. आजोबा, पाय उचला... असं. ताई, उशी काढा.

आजोबा: हा ट्रॉलीवाला तोंड का फिरवतोय?

सिस्टर: खिडकीतून बाहेर बघतोय.

आजोबा: खिडकी इकडे आहे. पोरी, वर गेल्यावर सगळे असेच बघणार का?

लेक: बघू देत.

आजोबा: मेलो तर फार वाईट दिसेल हे.

लेक: हो. फार.

आजोबा: तुझे भाऊबंद काय म्हणतील! आयुष्यभर लोकांच्या हजामती केल्या आणि स्वतः असा गेला.

लेक: हसतील, अण्णा. रडायचं सोडून हसतील. मी तर पहिली.

आजोबा: मग यायलाच पाहिजे.

लेक: यायलाच पाहिजे.

सिस्टर: चला, लिफ्ट धरून ठेवलीय. ताई, तुम्ही दारापर्यंत या हवं तर. पुढे नाही सोडणार.

आजोबा: थांब जरा, सिस्टर. पोरी, बघू तरी दे काय करून ठेवलंयस. आरसा दाखव.

लेक: आल्यावर.